भारी काळी जमीन, वीस हजार पौंड वजनाची मोटारहोम आणि जॅकखालचा पाट

8 एप्रिल 2024च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली टेक्सासमधून तिरकी गेली. डॅलसच्या दक्षिणेला एलिस काउंटीतल्या एनिस गावी खग्रास अवस्था चार मिनिटांहून जास्त टिकणार होती. आरव्ही पार्कांतल्या, म्हणजे राहायच्या गाड्या मुक्कामी लावायच्या तळांवरच्या, जागा कधीच्याच भरलेल्या. त्या भागातल्या एका शेतकऱ्याने आपलं गवताचं कुरण गाड्या लावायला भाड्याने दिलं. माझ्या एका मित्राने तिथे आपली मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, शनिवारपासून मंगळवारपर्यंत उभी करायचं ठरवलं. सोबत परभणीहून आलेले त्याचे आईवडील होते, आणि दुसऱ्या गाडीने आम्ही.

मित्राचा प्रश्न साधा होता. मुक्कामी गाडी पातळीत आणि स्थिर धरणारे पाय, म्हणजे जॅक, त्यांच्याखाली काय ठेवायचं? त्याच्याकडे बारा इंची चौकोनी प्लास्टिकचे, एक इंच जाडीचे चार पॅड होते. आरव्ही पार्कच्या काँक्रीटवर आणि दाबलेल्या खडीवर त्यांनी कधी त्रास दिला नव्हता. माझं रोजचं काम पायाखालच्या मातीशी आहे, म्हणून त्याने मला विचारलं. ही सगळी नोंद त्याच एका प्रश्नाची आहे, कारण बहुतेक लोक पॅड निवडताना सुरुवात पॅडपासून करतात. सुरुवात जमिनीपासून करायला हवी.

जमीन

अमेरिकेच्या कृषी खात्याचा 'वेब सॉइल सर्व्हे' हा नकाशा कुणालाही फुकट बघता येतो. हवी ती जागा शोधायची, भोवती रेघ ओढायची, की तिथली माती कोणती ते कळतं. आमच्या कुरणाखाली 'ह्यूस्टन ब्लॅक' निघाली. ही टेक्सासची राज्य-माती मानली जाते. डॅलसच्या उत्तरेपासून सॅन अँटोनियोपर्यंत उतरणाऱ्या ब्लॅकलँड प्रेअरीच्या पट्ट्यात ती पसरलेली आहे. मृदाशास्त्रात ती 'व्हर्टिसोल' गटात मोडते. मराठवाड्यातली आपली भारी काळी जमीनही याच गटातली. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. निम्म्याच्या आसपास चिकणमाती, आणि तीही पाणी धरून फुगणारी.

हे नकाशावरून मला कळलं. काकांना, म्हणजे मित्राच्या वडिलांना, ते गाडीतून उतरताच कळलं. त्यांनी बुटाच्या टाचेने वरचा थर उकरला, खालची माती चिमटीत घेतली, अंगठा आणि बोटामध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवली. पट्टी दोन इंचांच्या वर गेली तरी तुटेना. "अरे, ही तर आपलीच भारी जमीन. वर वाळलेली दिसते, आत ओल आहे. पाऊस आला की पाय धरते." मातीचे अभ्यासकही शेतात चिकणमाती ओळखायला हीच पट्टीची चाचणी करतात. शिवाय तंबूची एक लोखंडी खुंटी हाताने दाबून बघितली. वरचे दोन इंच अडली, नंतर नुसत्या तळहाताच्या जोराने आत गेली. म्हणजे जॅकला आधार म्हणून दिसतो तो वाळलेला पापुद्रा, आणि खरं ओझं पडणार खालच्या ओल्या मातीवर.

या जमिनीचं आणखी एक वैशिष्ट्य असं की फुगण्या-आकसण्याने तिच्यावर उंचवटे आणि खळगे आपोआप तयार होतात. नांगरून सपाट केलेल्या रानातही त्यांचा मागमूस राहतो. त्यामुळे डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या कुरणात एक चाक तीन इंच खाली जाऊ शकतं. तसं गेलंही, त्याबद्दल पुढे.

वजन

मोटारहोम पेट्रोलवर चालणारी, क्लास ए (बससारखी), 22,000 पौंडांच्या मर्यादेच्या फोर्ड एफ-53 चासीवर (सांगाड्यावर) बांधलेली. येताना मित्राने ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर वजन केलं होतं: पुढच्या आसावर 7,600 पौंड, मागच्यावर 13,200. एकूण 20,800, म्हणजे जवळपास साडेनऊ टन. वजन केल्याशिवाय पॅड ठरवू नये असं मी आग्रहाने सांगेन. कागदावरची मर्यादा आणि पाण्याची टाकी, सामान, माणसं धरून झालेलं खरं वजन यांत फरक असतो, आणि पुढे-मागे ते कसं वाटलं गेलंय हे तर काट्याशिवाय कळतच नाही.

चार हायड्रॉलिक जॅक, सरळ खाली उतरणारे. पायाची तबकडी गोल, दहा इंच व्यासाची, म्हणजे सुमारे 78 चौरस इंच. सगळ्यात वाईट स्थिती धरली: मागची चाकं जवळजवळ हलकी झाली आणि मागच्या आसाचं सगळं ओझं दोन जॅकवर आलं. प्रत्येकावर 6,600 पौंड. भागिले 78, म्हणजे चौरस इंचाला सुमारे 84 पौंड. चौरस फुटात सांगायचं तर 12,000 पौंडांच्या थोडं वर.

आता जमिनीचं बळ. इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये वेगळी चाचणी केली नसेल तेव्हा पायासाठी धरायचे आकडे दिलेले आहेत. चिकणमातीला चौरस फुटाला 1,500 पौंड, वाळूला 2,000, वाळूमिश्रित खडीला 3,000. हे आकडे इमारतीसाठी आहेत. इमारत वर्षानुवर्षं उभी राहते, तिला थोडंही खचून चालत नाही, म्हणून त्यांत भरपूर राखून ठेवलेलं असतं. तीन रात्रींच्या मोटारहोमला इतकं कडक राहायची गरज नाही. पण हा आकडा खोलवर घातलेल्या पायाचा आहे, ओल्या कुरणाच्या वरच्या थराचा नाही, म्हणून त्याला फार ढिलाही करता येत नाही. मी 1,500च धरला.

6,600 भागिले 1,500 म्हणजे 4.4 चौरस फूट. चौकोन केला तर बाजू पंचवीस इंचांची.

हा आकडा ऐकून मित्र थबकला, आणि ते साहजिक आहे. बाजारात जॅकपॅड म्हणून जे मिळतं ते बहुतेक बारा ते सोळा इंचांचं असतं. बारा इंची चौकोन म्हणजे बरोबर एक चौरस फूट. त्यावर 6,600 पौंड, म्हणजे धरलेल्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त. उघड्या तबकडीच्या तुलनेत बारा इंची पॅड दुपटीहून कमीच क्षेत्र देतो. काँक्रीटवर एवढं पुष्कळ झालं. तिथे पॅडचं काम तबकडीचा ओरखडा टाळणं आणि थोडी उंची देणं एवढंच असतं. काळ्या मातीत त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते.

टायरचंही इथे सांगायला हवं. टायर जमिनीवर जो दाब देतो तो त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, ढोबळमानाने. मित्राच्या टायरांत ऐंशी पीएसआयच्या (चौरस इंचाला ऐंशी पौंडांच्या) आसपास हवा होती. उघड्या जॅकचा दाब आणि टायरचा दाब जवळपास सारखाच निघाला! जॅक रुतेल अशा जमिनीत चाकही रुतणार, ही गोष्ट सोमवारी आम्हाला उपयोगी पडली.

वाकणं

पंचवीस इंचांचा पॅड हवा म्हणून कुणी पंचवीस इंचांचं एक इंच जाडीचं प्लास्टिक विकत आणलं तर काम होईल का? सहसा इथे कुणी थांबून विचार करत नाही.

तबकडी दहा इंचांची, पॅड सोयीसाठी चोवीस इंचांचा धरू. म्हणजे चारही बाजूंना सात-सात इंच पॅड तबकडीबाहेर लोंबतो. खालची माती त्या भागाला वर ढकलते. पॅड ताठ असेल तर तो रेटा सहन करून ओझं कडेपर्यंत पोचवतो. पॅड लवचिक असेल तर कडा वर उचलल्या जातात, मधला भाग खाली जातो, आणि ओझं पुन्हा मधल्या दहा-बारा इंचांवरच गोळा होतं. पैसे चोवीस इंचांचे, काम बारा इंचांचं.

यासाठी दोन गोष्टी मोजायच्या: पदार्थ किती ताठ आहे, आणि जाडी किती. ज्यापासून चांगले प्लास्टिकचे पॅड बनतात त्या एचडीपीईचा ताठपणा चौरस इंचाला सव्वा लाख ते दीड लाख पौंड. बांधकामाच्या लाकडाचा रेषांच्या दिशेने बारा ते पंधरा लाख. म्हणजे लाकूड जवळपास दहापट ताठ. आणि जाडीचा परिणाम घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो.

पूर्ण ओझं चोवीस इंचांवर सारखं पसरलं असं धरून हिशेब केला, तर एक इंच एचडीपीईची कड सुमारे एक तृतीयांश इंच वर उचलली जाते. तेवढी उचलली गेली की 'सारखं पसरलं' हे गृहीतच कोसळतं. मिळून दीड इंच जाडीच्या, एकमेकांना चिकटवलेल्या प्लायच्या दोन थरांची कड इंचाच्या शंभराव्या भागाएवढीच हलते. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे असतात, म्हणून खरी हालचाल याहून थोडी जास्त, पण तरी नगण्य. उन्हात प्लास्टिक आणखी मऊ पडतं आणि सतत ओझ्याखाली हळूहळू वाकतच राहतं, ते वेगळं.

लाकूड चिरडेल का, ही भीती मात्र निराधार आहे. आडव्या रेषांवर दाबलं तर सदर्न पाइन या लाकडाची बांधकामाच्या हिशेबात धरायची मर्यादा चौरस इंचाला 565 पौंड आहे, डग्लस फरची 625. आपल्या जॅकचा दाब 84.

क्रेनवाले हे सगळं फार पूर्वीपासून जाणतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या बांधकामातल्या क्रेनविषयीच्या नियमांत (1926.1402) जमीन घट्ट, निचऱ्याची आणि पुरेशी सपाट असावी, लागेल तिथे आधारासाठी ठोकळे किंवा मॅट घालावेत, असं स्पष्ट आहे. मोटारहोमला तो नियम लागू नाही, पण विचार तोच लावावा.

बाकीचे पर्याय पटकन बाजूला पडले. एकमेकांत अडकणारे पोकळ प्लास्टिकचे ठोकळे टायरखाली सपाट, घट्ट जागेवर चांगले. त्यांची खालची बाजू जाळीची असते, मऊ मातीत ती जाळी आधी रुतते. जॅकच्या तबकडीला कायमचे बसवायचे रबरी पॅड मला मनापासून आवडतात, वाकून काही ठेवायला नको, घसरतही नाहीत. पण ते तबकडीपेक्षा थोडेसेच मोठे असतात, त्यामुळे त्यांच्याखाली पाट लागणारच. दोन बाय बारा इंची फळ्या उभ्या-आडव्या रचून घेणं हा उत्तम जुना मार्ग, फक्त वजनदार, आणि नुसत्या ठेवलेल्या फळ्या एकमेकींवरून सरकतात.

एका शीटमधून चार पाट

पुढचं ओझं कमी आहे हे विसरायचं नाही. पुढच्या प्रत्येक जॅकवर 3,800 पौंड. अठरा इंची चौकोनावर ते पसरलं तर चौरस फुटाला सुमारे 1,690. मागे चोवीस इंची चौकोनावर 1,650. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, आणि धरलेल्या मर्यादेच्या किंचितच वर. तीन रात्रींसाठी मला ते मान्य होतं. शिवाय 6,600 आणि 3,800 हे सगळं ओझं जॅकवर आलं तरचे आकडे होते, आणि आम्ही ते येऊ देणार नव्हतो.

चार बाय आठ फुटांची पाऊण इंची सीडीएक्स (बांधकामातल्या साध्या प्रतीच्या) प्लायची एक शीट. अर्ध्या भागातून चोवीस इंचांचे चार तुकडे, उरलेल्या अर्ध्यातून अठरा इंचांचे चार. दोन-दोन चिकटवले की मागचे दोन पाट, पुढचे दोन पाट. पाट हे नाव काकूंनी दिलं, आणि मग सगळे तेच म्हणू लागलो. एक थर दुसऱ्यावर काटकोनात फिरवून, पाणी सहन करणारा गोंद लावून, स्क्रूंनी आवळायचा. गोंद अत्यंत महत्त्वाचा आहे. नुसते एकावर एक ठेवलेले दोन थर चिकटवलेल्या थरांच्या एक चतुर्थांशच ताठ असतात. कडांना बाहेरच्या कामाचा रंग, आणि एका कोपऱ्यात भोक पाडून जाड दोरीचा फास. ओली चिकणमाती सपाट तळाला धरून ठेवते. पाट एका कोपऱ्यातून दोरीने उचलला तर हवा आत शिरते आणि तो सुटतो. ओएसबी (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण भिजलं की कडांना फुगतं, म्हणून घेतलं नाही. मागचा एक पाट सुमारे अठरा पौंडांचा झाला, एका हाताने उचलता येईल असा.

तबकडीची पोलादी कड प्लायमध्ये रुतू नये म्हणून प्रत्येक पाटावर मधोमध दोन बाय बाराच्या फळीचा एक चौकोनी तुकडा ठेवला.

लावताना

मागची उजवी बाजू तीन इंच खाली. इथे मोह होतो की जॅकनेच उचलून घ्यावी. तसं केलं की त्या कोपऱ्यातलं ओझं टायरवरून जॅकवर जातं, म्हणजे आपण टाळत होतो नेमकी तीच स्थिती. शिवाय मागची चाकं जमिनीवरून उचलली जाता कामा नयेत, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. ती हवेत गेली तर गाडीला धरणारं काही उरत नाही आणि जॅकचे दांडे आडव्या जोराने वाकू शकतात.

म्हणून आधी उजव्या मागच्या जोड-चाकांखाली फळ्यांचे दोन थर घालून गाडी त्यांवर चढवली. जोड-चाकांत दोन्ही टायरांना आधार मिळायला हवा, आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग पूर्णपणे फळीवर हवा. एकच टायर टेकला तर एकट्यावर दुप्पट ओझं येतं. मग चाकांना पाचरी, मग पाट. पाटाखालचं गवत कापलं, उंचवटा फावड्याने तासला, म्हणजे पाट पूर्ण तळाने टेकेल. पाट मधोमध तबकडीखाली आहे ना हे दोन बाजूंनी वाकून बघितलं. जॅक खाली झुलून उभे राहणारे असते तर उंची आणखी जपावी लागली असती, कारण त्यांच्याखाली जाड थर आला की ते पूर्ण उभे होण्याआधीच अडतात.

जॅकने शेवटची थोडी पातळी साधली आणि गाडी स्थिर केली, एवढंच. मोटारहोमच्या शोषण-पद्धतीच्या फ्रिजला आडव्या दिशेने साधारण तीन अंशांहून जास्त कल चालत नाही, आणि बाहेर सरकणाऱ्या खोल्याही पातळी साधल्यावरच उघडायच्या. दोन्ही झालं.

मागच्या उजव्या पाटाशेजारी मित्राने एक खुंटी ठोकून पाटाच्या वरच्या कडेची उंची पेन्सिलने नोंदवली. रविवारी सकाळी पाट इंचाच्या तीन अष्टमांश खाली गेला होता. सोमवारी सकाळी तिथेच होता. माती सुरुवातीला दबते आणि मग स्थिरावते, हवं होतं तेच. शेजारी आमच्याएवढ्याच एका गाडीखाली बारा इंची प्लास्टिकचे पॅड होते. जमीन वरून कोरडी असूनही त्यांना रविवारी पुन्हा पातळी साधावी लागली, आणि पॅडच्या कडा उचललेल्या लांबूनही दिसत होत्या.

सोमवार

दुपारी पावणेदोनच्या सुमाराला अंधारलं. काकांनी हात जोडले. काकूंनी वेध पाळले होते, पण त्या चार मिनिटांत त्याही बाहेर येऊन उभ्या होत्या.

त्याच संध्याकाळसाठी उत्तर आणि मध्य टेक्सासवर गारांसह वादळी पावसाचा अंदाज होता. नैर्ऋत्येला बर्नेटजवळ चाललेला मोठा ग्रहण-महोत्सव त्या सकाळीच हवामानामुळे आवरता घेतला गेला होता. रस्ते गाड्यांनी तुंबलेले. मित्राचा बेत मंगळवारपर्यंत थांबण्याचा होता, आणि पाट व्यवस्थित काम करत असल्याने त्याला थांबणं सुरक्षित वाटत होतं.

काकांनी सरळ सांगितलं, "पाट गाडी उभी ठेवील, बाहेर काढणार नाही. वाफसा नसताना आम्ही ट्रॅक्टरसुद्धा रानात घालत नाही."

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. टायरचा दाब जॅकएवढाच, आणि टायरखाली पाट नाही. चोवीस इंचांचा पाट ओल्या काळ्या मातीतही कदाचित तग धरेल, पण साडेनऊ टनांची गाडी भिजलेल्या कुरणातून दोनशे फूट फाटकापर्यंत न्यायची तर प्रत्येक फुटावर चाक रुतण्याची शक्यता. सगळ्या वाटेवर पसरायला मॅट कुणाकडे असतात? म्हणून जमीन कोरडी असतानाच गाडी हलवायची ठरली. फाटकाजवळ चुनखडीची खडी दाबून केलेला रुंद पट्टा होता. शेतकऱ्याला विचारून गाडी तिथे नेली. त्या पट्ट्यावर तेच पाट वापरले, खरं तर तिथे बारा इंची पॅडही चालले असते. टोकदार खडीवर प्लायला थोडे खड्डे पडतात, बाकी काही नाही. रात्री उशिरा वाहतूक ओसरल्यावर तिथूनच ते घरी निघाले.

नंतर मित्राने विचारलं की हेच पाट एचडीपीईचे करून घेतले तर कुजण्याची कटकट संपेल ना? कुजणं संपेल. पण दीड इंच प्लायएवढा ताठपणा हवा तर एचडीपीईची जाडी साधारण दुप्पट, तीन इंच घ्यावी लागते, आणि चोवीस इंचांचा तसा एक पाट साठ पौंडांचा होतो. ओल्या मातीवर तो घसरतोही लवकर. साठ पौंडांची वस्तू गाडीखाली वाकून दर मुक्कामी चार वेळा सरकवायला मी कुणाला सांगणार नाही, विशेषतः पाठ दुखणाऱ्याला.

त्यामुळे प्लायचेच पाट राहिले. ते मागच्या सामानाच्या कप्प्यात उभे ठेवलेले असतात, ओले असतील तर आधी वाळवून. डॅलसच्या उन्हाळ्यात डांबर तापून मऊ पडतं आणि उघडी तबकडी त्यात खड्डा पाडते, म्हणून घरासमोरच्या डांबरावरही मित्र आता तेच वापरतो. वर्षातून एकदा दोन थरांमधली फट पाहायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक कुठे आत शिरलं, किंवा ठोकल्यावर एखादा भाग पोकळ वाजला, तर गोंद सुटला आहे असं समजायचं. मग तो पाट उंची वाढवण्याच्या कामाला ठेवायचा आणि मऊ जमिनीसाठी नवी शीट कापायची.